उन्हाळ्याच्या सहलीला घडीचा चाकू: निवडावा कसा, वापरावा कसा

इंदूरहून चोरल, जानापाव किंवा मांडूला निघालेल्या मंडळींच्या डिकीत टरबूज असतं, कैऱ्या असतात, जीरावन मसाल्याची पुडीही असते. चाकू मात्र स्वयंपाकघरातला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. गाडीला दोन गचके बसले की त्याचं टोक कागदातून बाहेर! त्यापेक्षा घडीचा चाकू घ्या आणि तो वापरायला नीट शिका.

पातं तीनेक इंचांचं पुरे. उघडल्यावर लॉक होणारंच घ्या. लॉक नसेल तर दाब उलटा पडताच पातं थेट बोटांवर मिटतं. मूठ खरखरीत हवी, कारण मे महिन्यात घामेजल्या हातातून गुळगुळीत स्टील निसटतं. बटण दाबताच सटकन उघडणारा चाकू अजिबात नको. मध्य प्रदेशात शस्त्र कायदा, १९५९ खालच्या अधिसूचनेनुसार ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा, तसाच स्प्रिंगचा कुठल्याही मापाचा चाकू सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना बाळगता येत नाही. लहान चाकूही खिशाला अडकवून मिरवू नये, फळांच्या पिशवीतच ठेवावा.

आता मुख्य गोष्ट, मिटवणं. उघडताना सगळेच जपतात, मिटवताना लक्ष गप्पांकडे असतं. लाइनर लॉकच्या चाकूत मुठीच्या आत एक पातळ पट्टी पात्याच्या बुडाला टेकलेली असते. अंगठ्याने ती बाजूला ढकला, दुसऱ्या हाताने पातं पाठीकडून धरून जरासं मिटवा आणि थांबा. अंगठा पात्याच्या वाटेतून काढून घ्या, बाकीची बोटं खाचेवर नाहीत ना ते बघा, मगच पुरतं मिटवा. हे घरी शांतपणे बसून हातात बसेपर्यंत करा.

छोटं पातं टरबुजाच्या आरपार जात नाही, म्हणून लोक जोर लावतात आणि चाकू घसरतो. आधी बुडाच्या सालीची पातळ चकती काढा, म्हणजे फळ डुगडुगणार नाही. मग मधोमध, पातं जाईल तेवढं आत घालून चीर द्या आणि फळ थोडं थोडं फिरवत ती पुरी गोल करा. चाकू मिटवून बाजूला ठेवा. दोन्ही हातांनी दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळा. कडकन आवाज होऊन फळ उघडतं.

कैरी तळहातावर धरून कापू नका. डब्याच्या झाकणावर उभी धरून कोयीलगतचे दोन्ही गाल उतरवा. मांडूची गोरख इमली, म्हणजे बाओबाबचं कडक कवचाचं फळ, मात्र दगडानेच फोडावी, तिचं कवच उचकटताना चाकूचं टोक हमखास तुटतं. दुसऱ्याला चाकू देताना मिटवूनच द्या. आणि रालामंडल अभयारण्यात गेलात तर फांदी-सालीला पातं लावू नका, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

कैरीचा आंबट रस पात्यावर वाळू देऊ नका, तिथल्या तिथे धुऊन कोरडं करा. घरी आल्यावर बिजागरीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खायचं तेल काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं. पात्यावर ओघळलेलं तेल मात्र पुसून घ्या. धार बोथट झाली तर दगडावर साधारण २० अंशांचा कोन धरून, दोन्ही बाजूंनी सारखेच हात मारा. उभा धरलेला वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला, की चाकू पुढच्या सहलीला तयार.