सीआरएमला मेल जोडण्याआधी एवढं करा

ठाण्यात आमचं छोटं टूर ऑफिस आहे, चौघं मिळून चालवतो. पर्यटक पासपोर्टचं पहिलं पान, पॅन, आधार सगळं मेलवरच पाठवतात. सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं तेव्हा मी घाईत माझं रोजचं जीमेल खातंच त्याला जोडलं. दोन दिवसांनी बुकिंग बघणाऱ्या मुलाने हळूच विचारलं, "ताई, आईंचा रिपोर्ट बघितला, आता कशा आहेत?" सॉफ्टवेअरने लॅबलाही ग्राहक धरून तिचे मेल सगळ्यांच्या स्क्रीनवर आणले होते. आईची बायोप्सी मी ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती.

म्हणून पहिलं काम, फक्त बुकिंगसाठी वेगळं मेल खातं उघडा आणि तेवढंच जोडा. बँक, सीए, पगार, घरचं, यातलं काहीही त्यावर येता कामा नये. पुढच्या सगळ्या सेटिंग्जपेक्षा हे एक पाऊल मला मोलाचं वाटतं.

जोडताना मेलचा पासवर्ड सीआरएमच्या पानावर टाकू नका. 'साइन इन विथ गूगल' निवडा आणि उघडलेल्या पानाचा पत्ता अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम आहे ना, ते बघा. मग परवानग्यांची यादी येते. ती वाचल्याशिवाय 'अलाऊ' दाबू नका. आमच्यासमोर 'सर्व मेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे डिलीट करणे' असं आलं होतं. तुम्हाला सॉफ्टवेअरमधून नुसती कोटेशनं पाठवायची असतील, तर मेल पाठवण्याची परवानगी पुरते. एवढी मोठी परवानगी कशाला हवी, हे कंपनीला विचारा. काही कंपन्या १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड मागतात, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला खात्यात शिरता यावं म्हणून गूगलकडून काढून घ्यायचा वेगळा पासवर्ड. तो वापरताना टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर मिळणारा, कोड विचारला जात नाही आणि सगळी मेलपेटी उघडी होते. मी देत नाही.

जोडल्यावर लगेच सेटिंग्जमध्ये जा. जुने मेल आणायचे का, याला 'नाही' म्हणा. मेल कोणाला दिसावेत, तिथे 'फक्त मला' ठेवा आणि लागेल तो मेल तेवढा टीमला दाखवा.

सॉफ्टवेअर सोडताना मात्र बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची जोडणी काढली की नवे मेल जायचे थांबतात, पण आधी गेलेल्या प्रती कंपनीच्या सर्व्हरवरच राहतात. त्या पुसल्याचं लेखी उत्तर मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर ठेवली आहे. काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं तरी ती सुटत नाही आणि सुरक्षेत कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

दर महिन्याच्या १ तारखेला मी जोडलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडते. मागच्या खेपेला त्यात १४ दिवसांच्या ट्रायलसाठी घेतलेलं एक जुनं सॉफ्टवेअर निघालं. ट्रायल कधीच संपली होती, मेल वाचायची परवानगी तशीच चालू होती.