नौपाड्यातले हॉल आणि दवाखाने तपासायला निघण्याआधी

हे हॉल आणि दवाखाने दिव्यांगांना वापरता येतात का हे बघायच्या रविवारच्या पाहणीला कोण येणार हे आधी ठरवा. व्हीलचेअर वापरणारं एक आणि अंध असं एक माणूस सोबत हवंच, नाहीतर आपण नुसत्या फरश्या मोजून परत येऊ. त्यांच्या येण्याजाण्याची सोय आदल्या दिवशीच करा. व्यवस्थापकाला फोन करून वेळ घ्या, पण स्वच्छतागृह बघणार आहोत हे फोनवर सांगू नका. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात बादल्या, पोछे आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असतात, त्यांचा फोटो मिळायला हवा.

पिशवीत मेजर टेप, वही आणि चार्ज केलेला मोबाइल. मोबाइलमध्ये उतार मोजायचं ॲप टाकून घ्या. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको, म्हणजे ॲपवर साधारण पावणेपाच अंश. ॲपवर भरवसा नसेल तर सरळ हिशेब करा: दोन पायऱ्या मिळून फूटभर उंची असेल तर रॅम्प बारा फूट लांब लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्या जागी चार-पाच फुटांची घसरगुंडी असते, तीही चकचकीत टाइल्सची. पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तमच, पाय ठेवून बघा. दोन्ही बाजूंना कठडा आहे का, आणि रॅम्प संपतो तिथे कुणाची स्कूटर उभी आहे का, हेही लिहा.

दाराची मोकळी रुंदी टेपने मोजा, ९०० मिलिमीटर हवी. चौकट धरून मोजलं तर आकडा फुगतो. उंबरा १२ मिलिमीटरपर्यंत ठीक. व्हीलचेअर वळवायला १५०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. ती स्वच्छतागृहात, दार लावल्यावर, आहे का ते बघा. लिफ्टची बटणं बसल्या जागेवरून हाताला लागतात का, मजला बोलून सांगितला जातो का, हे सोबतची माणसंच सांगतील. आपण मधे बोलू नये.

कागदांमध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची कलमं ४४ आणि ४५ छापून घ्या. पहिल्यानुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला इमारतीची परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही. दुसऱ्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत कधीच उलटली. ‘आमचं खासगी आहे’ असं ऐकायला मिळेलच. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिकच आहे, ती ओळ अधोरेखित करून न्या. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालचा, नुसत्या शिफारशींवर भागवणारा नियम रद्द करून बंधनकारक किमान निकष करायला सांगितले, तेही माहीत असू द्या. हुज्जत मात्र घालू नका.

पत्र आधी मालकाला, प्रत महापालिकेला. महिनाभर उत्तर नाही आलं तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. फोटोंना तारीख आणि मोजमाप त्याच रात्री लिहून ठेवा.