जॉवेट ब्रॅडफर्ड व्हॅन उघडायला घेण्याआधी या चुका टाळा

ब्रॅडफर्ड विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "साधी माल वाहायची व्हॅन आहे, मोटारीपेक्षा सोपंच जाणार." बिघडायला सुरुवात इथूनच होते. यॉर्कशायरमधल्या आयडलच्या कारखान्यात जॉवेट कंपनीनं ही गाडी १९४६ ते १९५३ पर्यंत बनवली. इंजिन १००५ सीसीचं, समोरासमोर आडव्या पडलेल्या दोन सिलिंडरचं. सुरुवातीला ताकद १९ हॉर्सपॉवर, 'सीसी' नावाच्या शेवटच्या मॉडेलला २५. वाहायचा भार १० हंड्रेडवेट, म्हणजे साधारण ५०० किलो. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, त्यामुळे बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून केलेली. खाटीक, बेकरीवाले, भाजीवाले यांनी या गाड्या अक्षरशः मोडेपर्यंत वापरल्या. ३८ हजारांवर बनल्या, उरल्या फार थोड्या, आणि त्या थोड्यांतल्याही काही मी गॅरेजमध्ये उघडून, अर्धवट सोडून दिलेल्या पाहतो. ते पाहवत नाही म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, आणि मला सगळ्यात जास्त छळणारी: मोजमाप न घेता पत्रा काढणं आणि कुजलेलं लाकूड फेकून देणं.

या गाडीचा आकार पत्र्यात नसतो, लाकडात असतो. पत्रा फक्त लाकडावर निजलेला असतो. लाकूड गेलं की दाराची चौकट किती उभी, छताचा उतार किती, मागच्या कोपऱ्याची गोलाई कुठून सुरू होते, यातलं काहीही सांगणारं कुणी उरत नाही. शिवाय कारखान्यात या बॉड्या सुतारांनी हातानं बसवलेल्या, त्यामुळे दोन गाड्यांची मापं तंतोतंत जुळतीलच असं नाही.

हडर्सफील्डजवळच्या एका निवृत्त गृहस्थांनी हेच केलं. १९५१ची व्हॅन, पत्रा जवळजवळ पूर्ण शाबूत, आतलं लाकूड मात्र खालच्या बाजूनं भुसा झालेलं. माणूस उत्साही, हात शिवशिवत होते. एका शनिवार-रविवारात सगळा पत्रा सोलला, लाकूड उपटलं आणि ते नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या शेकोटीत घातलं. त्या दिवशी इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, तशीच ही एक. मला बोलावलं तेव्हा चासी एकीकडे, पत्रे भिंतीला टेकवलेले, आणि मध्ये काहीच नाही. त्यांनी फोटो काढले होते, पण सगळे दुरून, गाडी अंगणात उभी असतानाचे. एकाही जोडाचा जवळून फोटो नाही, मोजपट्टी लावलेला तर नाहीच.

आम्ही लँकेशायरमधल्या एका मालकाच्या परवानगीनं त्यांच्या व्हॅनची मापं घेतली, प्लायवुडचे साचे कापले, नवीन सांगाडा उभा केला. पत्रा चढवायला गेलो तर डावं दार वरच्या बाजूला बोटभर फटीनं उघडं राही आणि खाली चौकटीला घासे. खिळ्यांची जुनी भोकं नव्या लाकडाच्या कडेबाहेर येत होती. अख्खा हिवाळा ते साचे दुरुस्त करण्यात गेला. पत्र्यावरची जुनी भोकं हाच शेवटी आमचा एकमेव खरा पुरावा ठरला. प्रत्येक भोकातून पेन्सिल घालून आम्ही लाकूड कुठं असायला हवं ते शोधत गेलो. दार आता बंद होतं. पण त्या गाडीचं मूळ अंग कायमचं गेलं, आणि ते जाण्याचं काहीच कारण नव्हतं.

माझी सवय सांगतो. गाडी चार भक्कम स्टँडवर लेव्हल लावून उभी करायची. दारांच्या चौकटींना आडव्या-तिरप्या लाकडी पट्ट्या ठोकून त्या जागच्या जागी बांधून टाकायच्या. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे आणि त्या पट्टीवरच लिहायचे, वही हरवते. मग एका वेळी एकच तुकडा बदलायचा: जुना काढा, त्यावरून नवा करा, बसवा, दार लावून बघा, मगच पुढचा. डावी बाजू पुरी होईपर्यंत उजवीला हात नाही, कारण डावीकडे काही चुकलं तर उजवी बाजू आरशासारखी समोर असते. कुजलेला तुकडा कितीही भुसभुशीत असला तरी चिकटपट्टीनं गुंडाळून, नंबर घालून ठेवायचा. गाडी पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत लाकडाची एक ढलपीही फेकायची नाही.

लाकूड तपासताना नुसतं बघू नका, टोच्या खुपसून बघा. ॲश वरून टणक दिसतं आणि आत कोरडी पूड असते. दाराच्या खांबांचे पाय, खालचे आडवे दांडे आणि मागचे दोन कोपरे इथं हमखास.

लाकूड बदलताना ओक घेऊ नका. भारदस्त वाटतं म्हणून लोक घेतात, पण ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी स्क्रू खातं. पाइन तर नकोच, त्यात स्क्रू ढिले होतात. ॲश वाकतं, धक्का सोसतं, स्क्रू धरून ठेवतं, म्हणूनच ते वापरलं होतं. त्याचा दोष एकच, ओल सोसत नाही. तेव्हा प्रत्येक तुकड्याचं कापलेलं टोक बसवण्याआधी प्रिझर्व्हेटिव्हमध्ये बुडवा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलेला आहे आणि त्यामुळे तोडलेलं लाकूडही बाजारात येतं, म्हणून फळी स्वतः उचलून, रेषा सरळ आहेत का ते बघून घ्या. आणि कुजलेल्या लाकडात इपॉक्सी ओतणं किंवा लांबी (पुट्टी) भरणं ही दुरुस्ती नाही. ओल आत कोंडते, शेजारचं चांगलं लाकूडही जातं, आणि गाडी विकून टाकली की ते पाप पुढच्याच्या गळ्यात पडतं. असं काम करून वर रंग मारणाऱ्यांबद्दल मला अजिबात आदर नाही.

आता पत्रा. ॲल्युमिनियम ठोकत गेलं की कडक होतं आणि मग तडकतं. नवशिके आणखी जोरात ठोकतात. त्याला मऊ करावं लागतं, आणि इथं लोखंडाची सवय घात करते, कारण ॲल्युमिनियम लाल होत नाही. साधारण ६६० अंशांवर ते सरळ वितळून खाली पडतं, आधी काही सूचना न देता. त्यासाठी जुना उपाय उत्तम आहे. पत्र्यावर साधा अंगाचा साबण कोरडाच घासायचा, मागून गॅसची मऊ ज्योत फिरती ठेवायची. साबणाचा ओरखडा आधी पिवळट, मग तपकिरी होतो. काळा झाला की ज्योत बाजूला, त्याच क्षणी. गार होऊ द्या, धुवा, मग हातोडी घ्या, पत्रा ऐकायला लागतो. काळ्याच्या पुढं एक श्वासही थांबू नका.

पत्रा सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं साफ करायला, देऊ नका, लाटा येतात आणि त्या जात नाहीत. ॲल्युमिनियम जिथं पोलादाला टेकतं तिथं मध्ये जॉइंटिंग पेस्ट किंवा टेप हवीच, नाहीतर पावसात पांढरी भुकटी धरून पत्रा खाल्ला जातो.

नट-बोल्ट. या गाडीवर प्रामुख्यानं बीएसएफ आणि व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आहेत. ५/१६ बीएसएफला इंचात २२ आटे, त्याच जाडीच्या यूएनएफला, म्हणजे अमेरिकन मापाच्या बोल्टला, २४. दोन-तीन फेरे हातानं जातात, मग अडकतं, मग घाई झालेला माणूस पान्याला पाइप लावतो, आणि कास्टिंगमधले आटे संपतात. पान्यांचंही तेच. ब्रिटिश पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, माथ्याच्या रुंदीचा नाही. १/४ व्हिटवर्थचा पाना ५/१६ बीएसएफला बसतो, माप ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तुमचा १३चा पाना जाणार नाही आणि १४चा माथा गोल करणार. जुने व्हिटवर्थ पाने इंग्लंडच्या कुठल्याही जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. ते आधी घ्या, गाडी नंतर उघडा.

वायरिंग सहा व्होल्टचं आहे. त्याच दिव्याला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड हवी. दुकानातली बारीक वायर टाकून "स्टार्टर ओढत नाही" अशी तक्रार करू नका. बॉडी लाकडी आहे, लाकडातून अर्थिंग मिळत नाही, त्यामुळे मागच्या प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर चासीपर्यंत स्वतंत्र न्या. बारा व्होल्ट करून टाकावं हा सल्ला सगळे देतात. मला पटत नाही. नीट जाड केबल आणि स्वच्छ जोड असतील तर सहा व्होल्टवर ही गाडी थंडीतही उठते.

ब्रेक यांत्रिक आहेत, तेल नाही. लायनिंग झिजल्यावर सळया आखडून घेऊ नका. आधी चाकापाशी शू जुळवा, सळयांना सगळ्यात शेवटी हात लावा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. मास्क घालून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.

वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन ओढून चालू करायचा मोह आवरा. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार दिवस विसरून जा, मग हातानं फिरवून बघा. तळाची तेलाची टाकी (संप) उघडून गाळ काढल्याशिवाय नवीन तेल नको. आडव्या दोन सिलिंडरचं इंजिन संथ चालताना थांबून थांबून ठोका देतं, तोच त्याचा आवाज. तो बिघाड समजून कार्ब्युरेटर पिळत बसू नका. सुरुवातीच्या गाड्यांना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा, नाही, गिअर खरखरला तर क्लच दोनदा दाबायला शिका. २०२१ पासून ब्रिटनच्या पंपांवर साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, मिळतं. जुने रबरी पाइप त्यात मऊ पडतात. पाइप बदला आणि कमी इथेनॉलचं ई५ भरा.

दुसरी चूक मला लाकडाइतकीच लागते, ती रंगाची. गाडी आली की पहिल्याच दिवशी ग्राइंडर हातात. अहो, ही व्यापाऱ्याची व्हॅन होती! तिच्या अंगावर कुणाचंतरी नाव होतं, हातानं ब्रशनं लिहिलेलं, आणि वर चार थर चढले तरी ते बऱ्याचदा खाली असतं. आधी गॅरेज अंधारं करून बॅटरीचा उजेड पत्र्याला समांतर, कडेनं टाका. अक्षरांच्या कडा उठून दिसतात. तिथं बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तळव्याएवढ्याच भागावर, एकेक थर हळूहळू उतरवा. कीथलीच्या बाजूच्या एका व्हॅनवर मालकाबरोबर मी हे केलं. हिरव्याखाली करडा, करड्याखाली मळकट क्रीम, आणि त्या क्रीमवर लाल अक्षरांची सावली: आधी एक मोठं अक्षर, मग 'अँड सन्स', खाली तीन आकडी फोन नंबर. मालक बराच वेळ बोललेच नाहीत. त्या कुटुंबाचं दुकान त्यांच्या आईला आठवत होतं. ग्राइंडरनं हे सगळं एका दुपारीत धूळ झालं असतं.

अक्षरं सापडली की ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्या, मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मग पुढं जा. नवीन अक्षरं साइनरायटरकडून, म्हणजे पाट्या रंगवणाऱ्याकडून, ब्रशनंच लिहून घ्या, व्हिनाइलचं स्टिकर त्या पत्र्यावर उपरं दिसतं. आणि टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग घरी मारू नका. त्यातली आयसोसायनेट ही विषारी रसायनं साध्या मास्कनं अडत नाहीत, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

बाजूला कापलेल्या खिडक्या दिसल्या तर लगेच बुजवू नका. त्या काळात मोटारीवर खरेदी कर होता, बाजूला काच नसलेल्या व्हॅनवर सुरुवातीची वर्षं तो नव्हता. म्हणून लोक व्हॅन घेत आणि पुढं कधीतरी खिडक्या कापत. जुनी, नीट केलेली कापणी असेल तर मी ती ठेवतो. या गाडीला माणसं कशी वापरत होती ते तिथं दिसतं.

सुट्या भागांसाठी इंटरनेटवर भटकण्याआधी जॉवेट कार क्लबचं सदस्यत्व घ्या. क्लब १९२३ पासून आहे, आणि सभासदांनीच उभी केलेली सुट्या भागांची कंपनीही आहे. ब्रॅडफर्ड शहरातल्या इंडस्ट्रियल म्युझियममध्ये जॉवेटच्या गाड्या ठेवल्या आहेत, तिथं एकदा वही आणि पेन्सिल घेऊन जा.

कागदपत्रं शेवटी सांगतोय, पण करायची पहिल्यांदा. जुनं लॉगबुक, टॅक्स डिस्क, दारामागची पावती, काहीही फेकू नका. गाडीचा मूळ नंबर डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या, नोंदीतून गेला असेल तर तो त्यांच्या व्ही७६५ योजनेत परत मिळू शकतो, त्यासाठी जुना पुरावा आणि क्लबची शिफारस लागते. ४० वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, मोठे बदल केलेले नसतील तर. तरी मी दरवर्षी करून घेतो, ब्रेककडे दुसऱ्या माणसाची नजर जावी म्हणून. आणि चासी नंबरची प्लेट पॉलिश करू नका. तिचे आकडे उथळ असतात, दोन-तीनदा घासले की वाचता येत नाहीत. साबणाच्या पाण्यानं पुसा, फोटो काढा आणि तो फोटो अर्जाबरोबर क्लबकडे पाठवा.