गोरिला बघायला जायचंय? आधी परमिट, मग विमानाचं तिकीट

आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक बघायला मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही, दिसला एकदाच, तोही इतका लांब की मित्र म्हणाला बुजगावणं असेल बे ते. त्यामुळे आफ्रिकेत गोरिला बघायला निघालो म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न हाच, एवढे पैसे घालून तोही नाही दिसला तर?

तर आधी तेच सांगतो, बहुतेक वेळा दिसतोच. कारण पर्यटकांना ज्या कुटुंबांकडे नेतात त्यांना माणसांची सवय लावलेली असते, रेंजर लोक दोन-तीन वर्षं रोज त्यांच्याजवळ जाऊन बसतात तेव्हा कुठे ते माणसाला बघून पळायचं बंद करतात. आणि गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पाला मोडून नवीन घरटं करून झोपतात, त्यामुळे ट्रॅकर पहाटेच निघून कालच्या जागेवर जातात, घरटं शोधतात, तिथून माग काढत कुटुंबापर्यंत पोचतात आणि वायरलेसवर तुमच्या गाईडला कळवतात. म्हणजे शोधायचं काम तुम्ही उठायच्या आधीच सुरू झालेलं असतं, तुम्ही फक्त चढायचं.

आणखी एक, मैसूरच्या झूमध्ये बघितलाय की, असं बरेचजण म्हणतात. तो वेस्टर्न लोलँड, म्हणजे सखल जंगलातला, वेगळा. आपण बघायला जातो तो डोंगरातला, माउंटन गोरिला, तो जगातल्या कुठल्याच झूमध्ये नाही. जंगलात मोजले तेव्हा १०६३ भरले, आणि २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं, म्हणजे थोडे वाढले म्हणून.

आता कुठे जायचं. पर्याय तीन देश, रवांडा, युगांडा, काँगो. काँगोतल्या विरुंगा पार्कचा नाद सोडा, तिकडे लढाई चालते, कित्येक रेंजर मारले गेलेत. रवांडात व्होल्कॅनोज नॅशनल पार्क, किगाली विमानतळावरून दोन-तीन तासांत पोचता, रस्ता आपल्या हायवेला लाजवेल असा, पण परमिट माणशी १५०० डॉलर. युगांडात ब्विंडी (दुसरं छोटं म्गाहिंगा, पण तिथे सवयीचं कुटुंब एकच), परमिट ८०० डॉलर, जुलै २०२४ च्या आधी ७०० होतं. रुपयात धरलं तर रवांडा सव्वा लाखाच्या वर, युगांडा सत्तर हजारांच्या आसपास, आणि हे गोरिलांजवळच्या फक्त एका तासाचे, बाकी विमान, गाडी, लॉज सगळं वेगळं. मी आणि दाजी दोघं होतो, आम्ही युगांडा धरलं.

परमिट आधी घ्या. हे मी तीनदा लिहीन. एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त ८ माणसं जातात, म्हणजे रोजच्या जागा मोजक्याच, आणि जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने आधीच भरून जातात. तारीख हातात आली की मगच विमान बघा, उलटं केलं तर पंचाईत. परमिटवर पासपोर्ट नंबर लागतो, म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी तो रिन्यू. आणि १५ वर्षांच्या खालच्या पोराला सोडतच नाहीत, कितीही उंच असू दे.

आता आमची फजिती ऐका, म्हणजे तुमची होणार नाही. ब्विंडीचे चार भाग आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो, आणि परमिट त्या-त्या भागातल्या कुटुंबाचं असतं. नकाशात एकच जंगल दिसतं पण एका भागातून दुसऱ्यात जायला डोंगराला वळसा घालून कित्येक तास जातात. आमच्या एजंटने (नाव नको) परमिट घेतलं रुशागाचं आणि लॉज बुक केलं बुहोमाला, वर म्हणतो सर एकाच पार्कमध्ये आहे की. निघायच्या आठ दिवस आधी दाजींनी मोबाइलवर नकाशा उघडला म्हणून वाचलो, लॉज बदललं, अ‍ॅडव्हान्स गेला तो गेला. तेव्हा परमिटवरच्या भागाचं नाव आणि लॉजचं गाव दोन्ही स्वतः जुळवून बघा.

रुशागाचं परमिट असेल तर युगांडातल्या एंटेबे विमानतळावर उतरून आठ-दहा तास गाडीत हाडं खिळखिळी करण्यापेक्षा किगालीला उतरा, सायनिका बॉर्डर ओलांडून किसोरोवरून जा, निम्म्या वेळात पोचता. त्यासाठी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा घ्या, १०० डॉलर, ९० दिवस, रवांडा, युगांडा, केनिया तिन्ही चालतात, फक्त अर्ज ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे करायचा. आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून अदिस अबाबा करून किगाली असं गेलो.

यलो फीव्हरची लस विसरलात तर सगळं मुसळ केरात. जाताना तर कार्ड विचारतातच, पण परत येताना आपल्या विमानतळावरही बघतात आणि कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये टाकू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आम्ही पुण्याला जाऊन घेतली, आणि घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरला विचारा, मी डॉक्टर नाही.

डॉलर घेताना नोटा नव्या घ्या. युगांडात २००९ च्या आधीची छापील नोट किंवा जरा फाटकी, पेन लागलेली नोट घेत नाहीत, एक्स्चेंजवाल्यासमोर एकेक उलटून बघा, तो कितीही चेहरा वाकडा करू दे.

तब्येतीचं काय. सोलापूर सगळं सपाट, कंबर तलावाला दहा फेऱ्या मारून चढाचा सराव होत नाही, मला वाटलं होतं होईल. ब्विंडीचा वरचा माथा २६०० मीटरपर्यंत जातो, आपलं कळसूबाई १६४६, आणि तिथे पायवाट नसते, गाईडच्या पुढे माणूस कोयत्याने झाडी तोडत जातो, पाय वेलींवर पडतो आणि जमीन खाली राहते. कधी अर्ध्या तासात गोरिला सापडतात, कधी पाच-सहा तास. त्यामुळे दोन महिने आधीपासून बिल्डिंगचे जिने, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन, चढण्यापेक्षा उतरायचा सराव जास्त करा, गुडघे उतरताना बोलतात. दोन रविवार पुण्याकडचे किल्ले केले तर उत्तम.

सामानात फुल बाह्यांचा शर्ट, रेनकोट, आणि बागकामाचे जाड हातमोजे, कारण खाजकुयलीसारख्या झाडाला हात लागला की अर्धा तास नाचता. पँट मोज्यात खोचा, तिथल्या मुंग्या वर चढल्या तर लाज सोडून पँट काढावी लागते. रात्री चांगली थंडी असते, सोलापुरी चादर न्या, हसू नका, लॉजच्या पातळ ब्लँकेटवर मला तीच कामाला आली. आणि रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २००८ पासून बंदी आहे, शेंगाचटणी पिशवीत नेऊ नका, स्टीलच्या डब्यात भरा. कडक भाकरी कापडात. तिकडे रस्त्यावर रोलेक्स मिळतो, घड्याळ नाही, चपातीत ऑम्लेट गुंडाळलेलं, चपातीला चपातीच म्हणतात. शाकाहारी असाल तर चपाती, राजमा आणि उकडलेली केळी, तीन दिवस तेच.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला ब्रीफिंग असतं. सर्दी-खोकला असेल तर सांगून टाका, लपवू नका, त्यांचा आणि आपला डीएनए इतका जवळचा की आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेते, म्हणूनच मास्क लावायचा आणि १० मीटर लांब राहायचं. गोरिलाच जवळ आला तर गाईड सांगेल तसं करायचं. पोर्टर, म्हणजे सॅक उचलणारा, नक्की घ्या, १५-२० डॉलर, गावातलीच पोरं असतात. मी आधी म्हटलं कशाला, पहिल्या चिखलाच्या उतारावर त्याने मनगट धरलं नसतं तर गोरिलाच्या आधी दवाखाना बघितला असता.

पोचल्यावर सॅक, काठी, खाणं सगळं खाली ठेवून फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचं, फ्लॅश बंद. तिथून एक तास, घड्याळ लावून. आधी आवाज ऐकू आला, कचाकच, शेजारी कोणी ऊस खात असावं तसा, मग गाईडने घसा खाकरल्यासारखं घों-घों केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत आम्ही भांडायला आलो नाही, आणि झाडीतून तसंच उत्तर आलं. सिल्व्हरबॅक, म्हणजे कुटुंबाचा म्होरक्या नर, बसला होता, पाठ रुपेरी, दीडशे किलोच्या खाली नसणार, आणि एक दांडा दातांनी सोलून गाभा खात होता, साल डाव्या बाजूला टाकत होता, एकाच ढिगात. मध्येच उठून चार पावलं आमच्याकडे आला तर दाजींचा पाय मागे निघाला, गाईडने खांदा दाबून खाली बसवलं. पळायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, वाकून बसायचं, तो फक्त कोण आहे ते बघतो. मी पहिली वीस मिनिटं मोबाइलमधून बघितली आणि त्यात अर्धी पानंच आली, पुढची चाळीस नुसता बसलो.

ट्रॅकर, गाईड, पोर्टर यांना टिप द्यायला सुट्टे डॉलर वरच्या खिशात ठेवा. आणि परतीला मुंबईत उतरताना ते पिवळं कार्डही हातातच असू दे, नाहीतर दाजींसारखं लाइनीच्या कडेला बसून सगळी बॅग उपसावी लागेल, वर चटणीचा रिकामा डबा, खाली चिखलाचे मोजे, आणि कार्ड चादरीच्या घडीत.