पानं हातभर, फूल एक नाही: कांद्याच्या फुलझाडांना सेंद्रिय खत घालताना या चुका टाळा

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येणाऱ्या एका मामांकडून मी पहिल्यांदा शेण आणलं, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "आक्का, हे आजचं हाय. कुंडीत घालू नका, कुजू दे आधी." मी ऐकलं नाही. सेंद्रिय आहे ना, मग कितीही घातलं तरी काय बिघडतंय, अशी माझी समजूत. लाल लिलीच्या चार कुंड्यांत मुठी मुठी भरून थापून दिलं. पंधरा-वीस दिवसांत एका कुंडीतलं झाड हात लावताच वर आलं. खाली कांदा नव्हताच, नुसता घाण वासाचा लगदा. उरलेल्या तिघांची पानं अशी माजली की शेजारच्या काकू म्हणाल्या, मका लावलाय का? त्या वर्षी फूल मात्र एकाही कुंडीत आलं नाही.

एकाच मूर्खपणाची ही दोन वेगवेगळी फळं. कांद्याच्या फुलझाडांचा, म्हणजे लिली, निशिगंधासारख्या मातीतल्या कांद्यातून किंवा कंदातून फुटणाऱ्या झाडांचा, निम्मा घोळ या दोनांतच असतो.

आधी शेणाचं बघू. गुलाबाची किंवा जास्वंदीची मुळं थोडी पोळली तर झाड नवी मुळं फोडतं. कांद्याचं तसं नाही. कांदा म्हणजे पाणी आणि साखर भरून ठेवलेली पिशवी. ओलं शेण कुजताना तापतं, अमोनिया सोडतं, कांद्याची साल दुखावते आणि तिथून बुरशी आत शिरते. म्हणून शेणखत किमान चार-सहा महिने मुरलेलं हवं. काळपट, भुसभुशीत, हातात घेतलं तर पावसाच्या मातीसारखा वास. शेणाचा वास येत असेल तर ते अजून शेणच आहे, खत झालेलं नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भानगड आहे, हुमणी. ऊसवाल्यांना सांगायला नको. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, मग जमिनीत अंडी घालतात, आणि पावसाळाभर इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मुळं कुरतडत बसतात. अर्धवट कुजलेल्या शेणातून त्या थेट कुंडीत येतात. शेणखतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी मुळं खाणारी असतेच असं नाही, पण त्याची परीक्षा आपल्या निशिगंधावर कशाला घ्यायची? खत घमेल्यात पसरून उन्हात ठेवा, चाळा, अळ्या वेचा, मग पाटीभर खतात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. साखर कारखान्याच्या मळीचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचंही तेच. ताजी मळी ढिगात इतकी तापते की आत हात घालवत नाही. ती दोन-तीन महिने कुजवल्याशिवाय कांद्याजवळ नेऊ नका.

फूल गळलं की खत बंद

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते, कारण ती चूक आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. कळी दिसली की आपण खुशीत खत घालतो. फूल सुकलं की कुंडी कोपऱ्यात जाते, आणि पानं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापूनही टाकतो.

पण आज उमललेलं फूल तुमच्या गेल्या आठवड्याच्या खतावर आलेलं नसतं. लाल लिलीची कळी कितीतरी महिने आधी कांद्याच्या पोटात तयार होते. साधारण चार पानांमागे एक दांडा असा तिचा हिशेब असतो. म्हणजे फूल गेल्यावर जेवढी धड पानं फुटतील आणि टिकतील, तेवढे पुढचे दांडे. खताची खरी गरज तेव्हा असते. फूल सुकलं की फक्त दांडा कापा, पानं राहू द्या. मी बारा इंची कुंडीला त्या दिवसापासून दर सहा आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि एक चमचा निंबोळी पेंड देते. पानं आपणहून पिवळी पडायला लागली की खत बंद.

मे महिन्यात येणारी ती लाल चेंडूसारखी फुटबॉल लिली याचं उत्तम उदाहरण. तिची पानं फुलाबरोबर किंवा फुलानंतर येतात आणि पावसाळाभर राहतात. तिला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खाऊ घाला. थंडीत तिची कुंडी रिकामी दिसते, तेव्हा खत आणि पाणी दोन्ही नको. दरवर्षी कुणीतरी "झाड मेलं वाटतं" म्हणून डिसेंबरात पेंडीचं पाणी ओततं आणि झोपलेला कांदा खरंच मरतो.

ग्लॅडिओलसचं वेळापत्रक याहून नेमकं असतं. त्याला तिसरं पान आलं की एकदा आणि सहावं पान आलं की एकदा वरखत द्यायचं. दुसऱ्या वेळी आत दांडा घडत असतो. लावलेला कंद तर त्या हंगामात संपूनच जातो, त्याच्या डोक्यावर नवा कंद बसतो. फुलं काढल्यावर सहा ते आठ आठवडे झाड तसंच ठेवलं तरच तो नवा कंद भरतो. फुलदाणीसाठी दांडा बुडातून, सगळ्या पानांसकट कापलात, तर खोदताना हाती सुपारीएवढा कंद येईल. खाली किमान चार पानं ठेवा.

पेंडीचं पाणी आणि माजलेली पानं

शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते आणि तिचा परिणाम आठवड्यात डोळ्यांना दिसतो, म्हणून हात सैल सुटतो. तिच्यात नत्र (नायट्रोजन) सात टक्क्यांच्या आसपास असतं, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे शेणखताच्या अंदाजानं पेंड घातलीत तर चौदा पट नत्र गेलं. पानं गडद हिरवी, लांब, मधेच मोडून पडणारी, आणि त्यांच्यावर मावा. माझ्या तीन कुंड्यांची गत अशीच झाली होती, फक्त पेंडीऐवजी शेणाच्या ढिगानं.

शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, गाळा, त्यात दहापट पाणी घाला आणि महिन्यातून एकदा, तेही पानं वाढत असतानाच द्या. पानं आधीच माजली असतील तर दोन-अडीच महिने पेंड पूर्ण बंद करा आणि कुंडी उन्हात सरकवा. बऱ्याचदा अर्धी चूक सावलीची असते.

शेण, गोमूत्र आणि गूळ घालून आंबवलेल्या जीवामृताबद्दलही लोक विचारतात. चांगलंच आहे, पण ते जेवण नाही, विरजण आहे. मातीत मुळात काही नसेल तर ते एकटं काय करणार? कुंडीत निव्वळ ओतू नका, दहापट पाणी घाला. गुळामुळे मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण. गोड चहाचा चोथा कुंडीत उलटणाऱ्यांनाही हेच लागू.

बोनमील, राख आणि आपली माती

इंटरनेटवर कांद्याच्या झाडांसाठी पहिला सल्ला बोनमीलचा, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचा असतो. तो सल्ला बहुतेक आम्लधर्मी मातीच्या देशांतून आलेला आहे. शहराच्या पूर्वेकडची, ऊसपट्ट्यातली काळी माती अल्कधर्मी, वर बोअरचं पाणी जड. अशा मातीत हाडांतलं स्फुरद (फॉस्फरस) विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. राधानगरी-गगनबावड्याकडची तांबडी माती असेल तर बोनमीलचा उपयोग होतो, पण तिथंही ते वर भुरभुरून फायदा नाही. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. कांदा लावतानाच खाली, मुळं जातील तिथं मिसळावं लागतं. वर टाकलंत तर गल्लीतली कुत्री रात्रीत कुंडी उकरून ठेवतात, हे अनुभवानं सांगते.

राखेचंही तसंच. ती माती आणखी अल्कधर्मी करते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख फुकट मिळते म्हणून पोत्यानं आणणारे मी पाहिलेत. चिपाडाच्या राखेत मुख्यतः वाळूचीच जातभाई सिलिका असते, पालाश (पोटॅश) फार थोडं. लाकडाची राख बरी, पण वर्षातून एकदा चमचाभर, आणि शेणखतात मिसळून कधीच नाही. तसं केलंत तर खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

मानेपर्यंत खत

लाल लिलीच्या कांद्याची मान, म्हणजे जिथून पानं फुटतात तो वरचा निमुळता भाग, मातीच्या वर दिसली पाहिजे. मानेभोवती खताचा ढीग केला की पाणी तिथं साचतं आणि कूज वरून सुरू होते. खत कुंडीच्या कडेनं, कांद्यापासून चार बोटं लांब घाला आणि वरची माती खुरप्यानं हलकी हलवा. खोल खणलंत तर मुळं तुटतील.

जुलै-ऑगस्टच्या झडीत उघड्यावरच्या कुंडीला पातळ खत देणं म्हणजे ते गटारात ओतणं. चार दिवस उघडीप मिळाली की कोरडं गांडूळखत थोडं थोडं द्या. कुंडीत छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, खत कुजतंय एवढंच. चिलटं घोंगावत असतील तर मात्र पाणी जास्त होतंय. पानं बुडापासून पिवळी पडली तर खत घालण्याआधी कांदा अंगठ्यानं दाबून बघा. टणक असेल तर भूक, मऊ असेल तर कूज. मऊ कांदा उपसा, सडकी पापुद्री काढा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि कोऱ्या मातीत लावा. त्याला महिनाभर कसलंही खत नको.

जिथं खताचा काहीच दोष नसतो

ऑनलाइन मागवलेल्या ट्यूलिपला पहिल्या वर्षी फूल येतं, कारण ते आधीच थंडी खाऊन आलेलं असतं. पुन्हा फुलायला त्याला तीन-साडेतीन महिने फ्रीजसारखा गारवा लागतो. कोल्हापूरच्या थंडीत तो मिळत नाही आणि कुठलंही खत त्याची भरपाई करत नाही.

निशिगंधाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या कांद्याला एकदा दांडा आला त्याला पुन्हा येत नाही, फुलतात ती त्याची पिल्लं. तीन वर्षांत एका जागी इतकी दाटी होते की पिल्लांना भरायला जागाच उरत नाही. मग लोक खत वाढवतात, पानांचं गवत होतं, दांडे घटतात. अशा वेळी मार्च-एप्रिलमध्ये सगळा गड्डा उपसा, कांदे सोडवा, आठवडाभर सावलीत वाळवा. बोटाएवढे जाड आणि टोकदार कांदे मुरलेलं शेणखत मिसळलेल्या मातीत वीतभर अंतरानं लावा. त्याहून बारके असतील ते वेगळ्या कुंडीत लावा, त्यांना दांडा यायला आणखी एक वर्ष लागेल.