जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात? मग आधी हे वाचा

गेली सहा-सात वर्षं मी भोर आणि मुळशी भागातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतेय, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच की ताई आम्हालाही लोककलेचं डॉक्युमेंटेशन करायचंय, सुरुवात कुठून करू, कोर्स कुठला, माईक कुठला. दरवेळी तेच तेच फोनवर सांगत बसते म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढते. मी एम.ए. मराठी, साऊंडचं काहीही शिक्षण नाही, जे आलं ते करता करता आलं, त्यामुळे फक्त टेक्निकल मॅन्युअल हवं असेल त्यांना हे अपुरं वाटेल. पण फिल्डवर पहिल्या वर्षी जे अडतं ते माईकमुळे अडत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

सगळ्यात आधी, घराबाहेर पडायच्या आधी, ऐका. भरपूर ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात पुण्यातून ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं, त्याचा मूळ संबंध मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गरीब माणसांच्या संघटनेशी होता, म्हणजे हे काम विद्यापीठातल्या टेबलावर सुरू झालेलं नाही, बायांच्या बैठकांमधल्या ओव्यांमधून ते पुढे गेलं. आज त्या संग्रहात एक लाखाच्या वर ओव्या आहेत, हजाराहून जास्त गावांतल्या. नंतर बर्नार बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही कळणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले, त्यांनी डेटाबेस उभा केला, १२० तासांच्या वर ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून हे सगळं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया म्हणजे पारी या वेबसाइटवर यायला लागलं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पारीची माणसं जुन्या टेपवरच्या बायांना शोधत पुन्हा त्या त्या गावात गेली, वीस-वीस वर्षांनी, त्यांचे व्हिडिओ केले. तुम्ही महिनाभर रोज अर्धा तास ते ऐकलंत तर सीतेच्या वनवासाच्या ओव्या कुठल्या, पंढरीच्या कुठल्या, भावाच्या, लेकीच्या, बाबासाहेबांच्या कुठल्या हे आपोआप कळायला लागतं. बाबासाहेबांवर ओव्या आहेत हे मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी ते एका दुपारी हेडफोनवर ऐकलं आणि तिथेच ठरवलं की हेच करायचं.

आता माझा पहिला दिवस सांगते, कारण तो बऱ्याच जणांचा असाच जातो. भोरच्या आतल्या एका गावात एक आजी तयार झाल्या. मला वाटलं जात्याच्या घरघरीत शब्द नीट येणार नाहीत, तर आजींना आधी नुसतंच म्हणायला सांगू, मग जात्यावर. आजी पाय पसरून बसल्या, एक ओवी म्हणाल्या, दुसरीची अर्धी ओळ झाली आणि थांबल्या. पुढचं आठवेना. दोनदा प्रयत्न झाला, मग त्याच म्हणाल्या, "पोरी, हात फिरल्याबिगर तोंडात येत न्हाई." मग कोपऱ्यातलं जातं ओढलं, फडक्याने पुसलं, सुनेने सुपात पसाभर नाचणी आणून दिली, आजींनी खुंटा धरला, वैरण घातली म्हणजे मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकले, पहिले दोन-तीन फेरे नुसतेच झाले आणि मग जे सुरू झालं ते चाळीस मिनिटं थांबलं नाही. अर्ध्यातून शेजारची बाई येऊन समोर बसली, तिने पण खुंट्याला हात लावला, एक म्हणायची दुसरी उचलायची. तेव्हा मला कळलं की ज्याला मी आवाज म्हणत होते, जी घरघर मला नको होती, ती ओवीचाच भाग आहे. ती काढून टाकली तर आठवणच निघून जाते.

म्हणून टेक्निकल सल्ला जो आहे तो त्या घरघरीभोवतीच आहे. माईक किंवा रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका, जात्याचा हादरा सरळ त्यात जातो आणि नंतर काही केलं तरी निघत नाही. गोधडीची जाड घडी करा, त्यावर छोटा स्टँड, माईक म्हणणाऱ्या बाईच्या तोंडाच्या उंचीला पण समोर नाही, बाजूने, हातभर अंतरावर. लो कट फिल्टर, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारी सोय, रेकॉर्डिंग करताना लावू नका, मूळ फाईल जशी आहे तशी राहू दे, साफसफाई करायची ती कॉपीवर. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आर्काइव्हवाले किमान एवढं मागतातच. रेकॉर्डर नसेल तर मोबाईल चालेल, खरंच चालेल, फक्त वेव्हमध्ये सेव्ह करणारं ॲप घ्या, फोन एरोप्लेन मोडवर टाका, आणि ती फाईल व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवून तीच मूळ कॉपी समजू नका, तिथे दाबून आवाजाची पार वाट लागते. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. पावसाळ्यात जाऊ नका, पत्र्यावर पाऊस पडला की संपलं, आणि लावणीच्या दिवसांत बायांना बसायला वेळही नसतो. दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली की शिमग्यापर्यंतचे दिवस बरे, लग्नसराई असेल तर आणखी चांगलं, कारण रोजचं दळण गिरणीत गेलं तरी हळद दळायला अजून जातं निघतं. घाणा भरायचा असतो, जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात, त्या वेळी म्हाताऱ्या बाया मधल्या वयाच्या बायांना शिकवत शिकवत म्हणतात, ते रेकॉर्ड करायला मिळालं तर सोडू नका.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे आणि ९० टक्के लोक इथेच गळतात. ऐकून लिहून काढणं. एक तासाच्या रेकॉर्डिंगला मला सुरुवातीला दोन दिवस लागायचे. ओवी दोन ओळींची असते पण म्हणताना बाई पहिली ओळ परत घेते, मधे "गं बाई" घालते, अर्ध्या शब्दावर थांबून फिरवते, तो तिचा गळा. चालीला त्या गळा म्हणतात, "माझा गळा येगळा हाये, तिचा येगळा" असं. मग कागदावर नक्की काय लिहायचं? मी पहिल्यांदा सगळं शुद्ध करून लिहिलं. बाई म्हणाली होती "इट्टल", मी लिहिलं विठ्ठल, ती म्हणाली "पानी", मी लिहिलं पाणी, "येशीला" चं मी वेशीला केलं. एका ज्येष्ठ बाईंनी ती वही बघून विचारलं की हे कुणी म्हटलंय, तू की तिने? मी गप्प बसले. सगळं परत लिहिलं. आता मी दोन रकाने करते, एकात जसं म्हटलं तसं, दुसऱ्यात प्रमाण रूप, म्हणजे उद्या कुणी विठ्ठल असं शोधलं तरी ती ओवी सापडेल आणि बाईचा शब्दही शाबूत राहील. ऑटोमॅटिक टायपिंगची जी साधनं आलीत ती मी वापरून बघितली, मुलाखतीतल्या साध्या बोलण्याला मदत होते, पण ओवी घातली की मशीन पण मी केली तीच चूक करतं, माहीत असलेल्या शब्दाकडे ओढून नेतं. त्यामुळे कान तुमचाच लागतो. ऑडेसिटी आणि इलान ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, ऑडेसिटीत आवाजाची कापाकापी-साफसफाई होते, इलानमध्ये आवाजाच्या खाली ओळीनुसार मजकूर बांधता येतो, ते आठवडाभर बसून शिका. सगळं युनिकोडमध्येच टाईप करा. माझ्याकडे एका जुन्या कामाच्या तीनशे पानांच्या फाईल आल्या होत्या, जुन्या फॉन्टमधल्या, उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी, त्या वाचता येईपर्यंत चार महिने गेले. फाईलचं नाव तारीख, गाव, क्रमांक असं साधं ठेवा, आणि बाईचं पूर्ण नाव, माहेर, सासर, वय, जात्यावर कुणाकडून शिकली हे त्याच दिवशी वहीत लिहा, उद्यावर टाकू नका. माहेर विचारायला विसरू नका, कारण ओवी लग्नानंतर बाईबरोबर गाव बदलते, सासरच्या गावात रेकॉर्ड झाली म्हणून ती त्या गावची होत नाही.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगते. तिसऱ्या वर्षी मी एका मावशींची ओवी रील करून टाकली. आवाज इतका सुंदर होता, मला राहवलंच नाही. ओवी सासुरवासाची होती, दिराच्या बोलण्याबद्दल. मी खाली गावाचं नाव पण टाकलं, मला वाटलं क्रेडिट द्यायला हवं. चार दिवसांत ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, आणि दीर अजून त्याच घरात शेजारच्या खोलीत राहत होता. मी धावत गेले तर मावशी चुलीपुढून उठल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तू म्हणलीस रेकॉड करते. गावाला ऐकवते असं कुठं म्हणलीस?" मी रील काढलं, पण दुसऱ्यांच्या फोनमधलं थोडंच काढता येतं. त्या नंतर माझ्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत.

जात्यावर जे म्हटलं जायचं ते पहाटे, अंधारात, घर झोपलेलं असताना, समोर फार तर जाऊ नाहीतर शेजारीण. तिथे बाई जे बोलते ते चावडीवर बोलत नाही. आपण माईक ठेवतो तेव्हा त्या खोलीची भिंत आपण काढत असतो, आणि हे त्या बाईला आधी समजावून सांगायचं काम आपलं. आता मी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते, रेकॉर्ड करू का, कोणाला ऐकवू, नाव घालू का. आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी एकदा आणि नंतर सगळं त्यांना स्पीकरवर परत ऐकवून पुन्हा एकदा, ओवीगणिक. बऱ्याचदा वीसातल्या दोन-तीन ओव्यांवर त्या म्हणतात ही नको. नको म्हणजे नको. सहीपेक्षा त्यांचं तोंडी बोलणंच मी रेकॉर्ड करून ठेवते, कारण अंगठा कशावर उमटवतोय हे कळत नसेल तर त्या कागदाला अर्थ नाही.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. ओवी परंपरेची आहे, तिचा कुणी एक लेखक नाही, म्हणून अनेकांना वाटतं की कुणीही उचलावी. पण म्हणणारी बाई ही कायद्याच्या भाषेत परफॉर्मर आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये परफॉर्मरचे हक्क आहेत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव लावलं जाण्याचा आणि तिचा आवाज मोडतोड करून वापरला तर अडवण्याचा हक्कही आहे. कुणी तुमच्याकडे येऊन म्हणालं की बीट लावून रिमिक्स करू, ट्रेंडिंगला जाईल, तर ते तुमच्या हातातलं नाही, त्या बाईला विचारायचं आणि पैसे आले तर तिच्या हातात द्यायचे. एरवीही रिकाम्या हाताने जाऊ नका. एक दिवस ती तुमच्यापुढे बसली म्हणजे तिचा रोज बुडाला, त्या भागात शेतमजुरीचा जो रोज चालतो तेवढा तरी द्या, काहीजणी घेत नाहीत, तरी पुढे करा.

करिअरचं विचाराल तर पूर्णवेळ पगाराच्या जागा फार कमी आहेत हे सरळ सांगते. मी आठवड्यातले तीन दिवस भाषांतर आणि सबटायटलची कामं करते, त्यावर घर चालतं. पण कामं असतात. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते ऑनलाईन उघडून बघा, बोली कशी रेकॉर्ड करून मांडायची याचा इतका चांगला नमुना मराठीत दुसरा मी पाहिला नाही. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, गुरुग्रामला एथ्नोम्युझिकॉलॉजीचं, म्हणजे संगीत आणि समाज यांच्या अभ्यासाचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं आर्काइव्ह आहे, तिथे जाऊन नुसतं कॅटलॉग कसं करतात हे बघितलं तरी डोळे उघडतात. पारीही विद्यार्थ्यांकडून काम घ्यायचं. काही प्रोजेक्ट मात्र बेताने घ्या. मी एका संस्थेसाठी सहा महिने काम केलं, हार्ड डिस्क जमा केली, ती कपाटात गेली, आणि आजपर्यंत ज्या बायांनी म्हटलं त्यांना एकदाही ऐकायला मिळालं नाही. आता कामाच्या आधीच लेखी मागते की एक कॉपी गावात जाणार. पेन ड्राईव्हवर देते, सोबत एखाद्या नातवाच्या फोनमध्ये पण टाकते, आणि एक संध्याकाळ देवळात किंवा शाळेत ज्या ओव्यांना परवानगी आहे त्या मोठ्याने लावते. तिथे नेहमी कुणीतरी मधेच म्हणतं की थांब, ही माझी आई म्हणायची, पण शेवट वेगळा होता, आणि मग रेकॉर्डर पुन्हा काढावा लागतो. माझ्या संग्रहातल्या निम्म्या चांगल्या ओव्या अशा दुसऱ्या फेरीत आल्यात. मुली पण तेव्हाच येऊन बसतात, आठवी-नववीतल्या, त्यांच्या हातात मी इयरफोन आणि वही देते, आजीचा शब्द त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतो.

त्या मावशींचा गेल्या वर्षी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, सुनेचा होता. म्हणाल्या, चार आठवल्यात, आईच्या आहेत, नाचणी निघाली की ये. मी गेले. जातं आधीच पुसून ठेवलं होतं, दगडाला टाकी लावून तो खरबरीत करून घेतला होता. मी बॅग उघडायला लागले तर म्हणाल्या, "ते मशीन आधी बंद ऱ्हाऊ दे. मी सांगीन तवा चालू कर." पहिल्या दोन त्यांनी मशीन बंद असतानाच म्हटल्या. मग वैरण घातली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.