काल्पनिक जगासाठी धातू आणि खनिजं कशी बनवावीत

नकाशा काढून झालाय, राज्यं ठरलीत, कोण कुणाशी लढतंय ते माहितीये असं धरून चालतो. नसेल तर आधी ते उरकून या.

पायरी १. रंग, चमक, वजन ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे, यात रात्र घालवू नका.

पायरी २. खऱ्या धातूचा एकच गुण उचला आणि जरासा ताणा. उदाहरणार्थ गॅलियम, साधारण ३० अंशाला वितळतं, म्हणजे मे महिन्यात नागपुरात ते बाटलीत पातळच असणार. आता अशा धातूची तलवार धरा, थंड मुलखात कडक आणि दक्षिणेत स्वारीला नेली की म्यानातच वितळली. एक गुण बास. चार गुण घातलेत की त्याची जादूची कांडी होते.

पायरी ३. हा धातू सगळ्यांकडे का नाही? इथेच मी आपटलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या पहिल्या कथेत पिसासारखा हलका आणि कशानेही न तुटणारा धातू होता, डोंगर खणला की ढेकळं हातात. मित्राने वाचून विचारलं, मग शेतकरी नांगराचा फाळ याचाच का नाही करत? मी म्हटलं, अरे दुर्मिळ आहे. तो म्हणाला, मग राजाच्या अख्ख्या फौजेला चिलखतं कुठून आली? तीन प्रकरणं फेकावी लागली.

तर "दुर्मिळ ठेवा" हा सल्ला जो देईल त्याला हात जोडा आणि पुढे चला. ॲल्युमिनियम बघा, पायाखालच्या मातीत भरपूर आहे, पण ऑक्सिजनला इतकं घट्ट चिकटलेलं की लोहाराच्या कोळशाला दाद देत नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मिरवायला ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला होता, आणि १८८६ मध्ये विजेने ते स्वस्तात काढायची पद्धत सापडल्यावर हळूहळू त्याची घरोघरी पातेली झाली. दुर्मिळ काय होतं, तर काढायची युक्ती!

याहून भारी गोष्ट जस्ताची. जस्त ९०७ अंशाला उकळतं, पण खनिजातून सुटायला भट्टी त्याहून गरम लागते, म्हणजे सुटतं तेच वाफ होऊन, आणि वर हवा लागली की पांढरी राख. भाता मारून मारून थकाल, तळाशी काही नाही. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला मध्ययुगात लोकांनी काय केलं, तर मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी करून खनिज भरलं, त्या उलट्या लावल्या, एका भट्टीत ३६, आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळायचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये.

आता हेच तुमच्या जगात टाका. शत्रूने खाण जिंकली, खनिजाचे ढीग लागले, अख्खं जंगल जाळून कोळसा केला आणि हाती आली पांढरी पूड, कारण मुशी उलटी लावायची असते हे फक्त पलीकडच्या गावातल्या कुंभारांना ठाऊक. युद्ध आता कुंभारांसाठी होणार. मी तर हल्ली धातूचे गुण लिहायच्या आधी भट्टीच लिहितो: काय जळतं, धूर कुठे जातो, कामगार कशाने खोकतात, युक्ती कुणाच्या घराण्यात आहे. हे कळलं की किंमत, चोरी, लग्नसंबंध सगळं आपोआप सुटतं.

पायरी ४. खनिजं. आधी डोंगर कशाचा ते ठरवा, रत्नं कुठेही पेरू नका. आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हाचा खडक असेल तर त्यातल्या जुन्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत स्फटिक वाढतात, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट तसंच आलेलं, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात आणि शेजारून खडीचे ट्रक जातात. अशाच पोकळ्यांत मिळणाऱ्या झिओलाइटला ते नाव १७५६ मध्ये पडलं, अर्थ उकळणारा दगड, कारण तापवला की आतलं पाणी वाफ होऊन निघतं. यातून वाळवंटातल्या टोळीसाठी पाण्याचा दगड बनवायला किती वेळ लागेल?

पायरी ५. नाव. ते पंडितांनी ठेवू नये, खाणीतल्या माणसांनी ठेवावं. कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकामगारांच्या भुतावरून आलंय, कारण त्या खनिजातून चांदी निघायची नाही, वर आर्सेनिकचा विषारी धूर. आपल्याकडे पिवळं म्हणून पितळ, संपला विषय. तीन जोडाक्षरं आणि मध्ये टिंब असलेली नावं कृपा करून नकोत. भट्टीच्या आवाजात लोहाराला पोराकडे ओरडून मागता येईल असं नाव ठेवा, आणि येत नसेल तर बदला.